लाल दोऱ्याचा मेंढा

बीर, १९ जून

बिंद्रो,

पोचलीस का? निरोप द्यायला सकाळी तुझ्या दाराशी आले तर कुलूप. शेजारची म्हणाली, भंगालवाले उजाडायच्या आधीच बिलिंगची चढण चढून गेले. आख्खा हिवाळा माझ्या चुलीशी बसून चहा ढोसतेस आणि उन्हाळा आला की चोरासारखी पळतेस. दरवर्षी तुझं हेच. म्हातारी झालीस तरी सुधारली नाहीस.

मेंढ्याकडे नीट लक्ष दे. त्याच्या डाव्या कानातला लाल दोरा शोभेचा नाही, हे तुझ्या नवऱ्याला, टेकरूला, पुन्हा सांग. तो मी चौंतड्याच्या कसायाच्या दारातून सोडवून आणलेला जीव आहे. त्याला आता कुणी मारायचं नाही, तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं मरेल. आणि तो जितकं जगेल तितकं माझ्या कुंगाचं आयुष्य वाढेल. या वर्षी कुंगाचं जन्मसाल बारा वर्षांनी फिरून आलंय. आमच्यात हे साल वाईट. तुला सगळं माहीत आहे, पण टेकरूला नाही आणि त्याच्या कमरेला सुरा असतो, म्हणून लिहिते.

कुंगाचं म्हणशील तर त्याचं डोकं ठिकाणावर नाही. दिवसभर दिल्लीच्या पाहुण्यांना पोटाशी बांधून बिलिंगवरून उडी मारतो, तेवढ्यानं त्याचं भागत नाही. आता म्हणतो, ऑक्टोबरात हवा स्थिर झाली की एकटाच मागची बर्फाची रांग ओलांडून पलीकडे जाणार. तिथे उतरायला धड जागा नाही, पडलास तर कोण शोधायला येईल, म्हटलं. तो हसला. मग मी अट घातली. मेंढा तुमच्या कळपाबरोबर शरदात आपल्या पायांनी खाली आला, तर जा. नाही आला, तर पुढच्या लोसारला नवं साल लागेपर्यंत छत्री पेटीत. त्यानं देवापुढे उभं राहून हो म्हटलंय.

(मावशी, मी कुंगा. अमा सांगते तसं लिहितोय, पण तिला छत्री आणि पॅराग्लायडर यातला फरक अजून कळलेला नाही. मेंढ्याला चांगलं चार गं. माझं उडणं त्याच्या पायांवर आहे.)

काय लिहिलंस रे, एवढा वेळ? असं मी विचारलं तर म्हणतो, काही नाही. तुझ्या नातवाला, कार्तूला, माझा पापा. थंडीत त्याला टोपीशिवाय बाहेर सोडू नकोस, तू मुलांच्या बाबतीत आधीपासून निष्काळजी.

ल्हामो


बडा भंगाल, ७ जुलै

ल्हामो,

तुझं पत्र खेचरवाल्या जैसीनं आणून दिलं. निम्म्या शिव्या आहेत म्हणजे तू बरी आहेस.

खिंडीत यंदा बर्फ फार होता. मेंढरं घसरत होती, पण तुझा मेंढा पुढाऱ्यासारखा सगळ्यांच्या पुढे. टेकरू त्याला लामा म्हणतो. मीठ टाकलं की हा पहिला हजर, काम काही नाही आणि मान मोठा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ल्हामोच्या कानावर गेलं तर हिवाळ्यात तुला थुक्पा मिळायचा नाही. तेव्हापासून गप्प आहे.

मी टेकरूला नीट समजावलंय. तो म्हणाला, दुसऱ्याचा जीव आपल्या कळपात आहे, तो परत नेऊन द्यायचा, यात समजावण्यासारखं काय आहे? त्याचं बोलणं तसंच आहे, पण शब्दाचा पक्का आहे.

कार्तू आजोबांच्या पाठीवर बसून खिंड ओलांडून आला. थोडा खोकतोय. इथली हवा लागली की जाईल. सूनबाई माहेरी गेली आहे दुसऱ्या बाळंतपणाला, त्यामुळे पोरगा माझ्याच गळ्यात.

कुंगाला सांग, पलीकडे यायचंच असेल तर पायांनी ये. तुझी आई काळजीनं मरायची नाही आणि मला मक्याची भाकरी खाऊ घालता येईल.

बिंद्रो


बीर, २२ जुलै

बिंद्रो,

खोकला आहे, हवा लागली की जाईल! तुला किती वेळा सांगितलं, खोकल्याला हवा लागली की वाढतो. त्याला मिरी आणि लोणी दे. तुमच्याकडे लोणी आहे, अक्कल नाही.

इथे पाऊस. उडणं बंद, पाहुणे बंद. विहाराच्या फाटकाशी माझी खानावळ उघडी ठेवते, पण येतात ते भिक्षूच, आणि ते एका वाटी थुक्प्यावर दुपार काढतात. कुंगा दिवसभर माडीवर आपली ती छत्री पसरून शिवणी तपासत बसतो. परवा म्हणाला, अमा, मेंढा घसरून मेला तर? मी त्याला ताटानं मारणार होते. असलं तोंडातून काढायचं नसतं. मग म्हणाला, तसं नाही, मी मेंढ्याची काळजी करतोय. खरं असेल. त्याला स्वतःची काळजी कधीच वाटत नाही. ती सगळी माझ्याकडे आहे.

मेंढ्याचं लिही. नुसतं लामा म्हणतो वगैरे नको, खातो का, लंगडतो का, ते लिही.

ल्हामो

(मावशी, खोकल्याबरोबर ताप आला तर लगेच कळव. इथल्या डॉक्टरांशी माझी ओळख आहे. अमाला यातलं काही सांगितलं नाही, ती माळ घेऊन बसेल.)


बडा भंगाल, ९ ऑगस्ट

ल्हामो,

कार्तूला ताप आहे. उतरत नाही. श्वास घेताना छातीत घरघर होते. पावसानं नदीवरचा लाकडी पूल गेला, दवाखान्याचा कंपाउंडर जूनमध्ये खाली गेला तो आलेला नाही. पोराला पाठीवर घेऊन खिंड ओलांडायची तर वर गारा पडताहेत. टेकरू एकदा निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. पोर निळं पडलं होतं.

मग देवाच्या चेल्याला बोलावलं. त्याच्या अंगात वारं आलं. देव म्हणाला, घरावर नवस राहिलाय, मेंढा द्या. आम्ही आमचे मेंढे अंगणात उभे केले. पाणी आणि तांदूळ पाठीवर टाकतात, ज्यानं अंग झाडलं तो देवाला मान्य. आमच्यातल्या एकानंही झाडलं नाही. पाणी निथळत राहिलं, तसेच उभे. चेला पुन्हा पुन्हा टाकत होता. तेवढ्यात तुझा मेंढा कुंपणापलीकडून आत आला. मिठाच्या आशेनं आला असेल, मला माहीत नाही. कुणी त्याच्यावर पाणी टाकलं नव्हतं, बाकीच्यांवर उडालं तेवढंच. तो मधोमध येऊन उभा राहिला आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं.

मग चेला म्हणाला, हाच.

मी म्हटलं, हा आमचा नाही. चेला म्हणाला, देवानं मागितलाय, माणसानं कुणाचा हे ठरवू नये. एकदा अंग झाडलं आणि दिला नाही, तर घरात माणूस राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. टेकरू म्हणाला, दुसऱ्याचा आहे, मी सुरा लावणार नाही. मग रात्रभर कार्तूजवळ बसला आणि सकाळी उठून म्हणाला, लाव म्हणशील तर लावतो. आता आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, कारण बोललो तर एकच गोष्ट बोलायची आहे.

मी मेंढा घरात, माझ्या खाटेशी बांधलाय. तुझं उत्तर येईपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही. तू नाही म्हणालीस तर नाही. मी तुझ्यावर रागावणार नाही, ते मी आत्ताच लिहून ठेवते. पण लवकर सांग. जैसीला दोराच्या झुल्यावरून पलीकडे सोडून हे पत्र देतेय.

बिंद्रो


बीर, १५ ऑगस्ट

बिंद्रो,

मेंढा दे. उशीर करू नकोस. माझी काही हरकत नाही.

सोबत औषधं आहेत. कुंगानं डॉक्टरांना कार्तूचं सगळं सांगून घेतली आहेत. पांढरी गोळी अर्धी करून सकाळ-संध्याकाळ, सगळ्या संपेपर्यंत. ताप उतरला तरी थांबू नकोस. बाटलीतलं औषध हलवून, चमचाभर. उकळलेलं पाणी भरपूर पाज. श्वास फार जोरात चालला तर वाट न बघता, पाऊस असला तरी, चार माणसं घेऊन निघा. या बाजूनं कुंगा माणसं घेऊन पळाचकपर्यंत येतो आहे, तिथे थांबेल.

ल्हामो


बडा भंगाल, ३० ऑगस्ट

ल्हामो,

कार्तू काल मक्याचं कणीस मागत होता. दिलं नाही, तर रडला. त्याचा रडण्याचा आवाज ऐकून टेकरू बाहेर जाऊन उभा राहिला.

औषधं आणि पत्र एकाच पिशवीतून आलं. आधी गोळी दिली, मग मेंढा दिला. त्याच दिवशी. चौथ्या दिवशी ताप उतरला. टेकरू म्हणतो देव. जैसी म्हणतो गोळी. मला विचारू नकोस, मी दोन्हींपुढे हात जोडलेत. खिंडीकडे निघायची वेळ आली नाही. कुंगा पळाचकला दोन रात्री भिजत बसला म्हणे, जैसीनं त्याला निरोप दिला तेव्हा परत गेला.

मेंढ्याचं सांगते, कारण तुला जाणून घ्यायचं असेल. टेकरूनं एका घावात केलं. त्याआधी मी त्याला मीठ दिलं. गावानं खाल्लं, आमच्या घरात कुणी खाल्लं नाही, आणि असं आमच्यात करत नाहीत, म्हणून चेला रागावला. कानातला दोरा मी काढून ठेवला होता, तो रावीत सोडला. तुझ्याकडे पाठवावा की नाही ते कळेना.

ल्हामो, तू पाण्यातली मुंगी बोटानं उचलून बाहेर ठेवणारी बाई. तू हो म्हणशील असं मला वाटलं नव्हतं. हे मी कसं फेडू?

आणि कुंगाचं काय? त्याचं ते वाईट साल अजून संपलेलं नाही. तू त्याला उडू देणार नाहीस ना?

बिंद्रो


बीर, १४ सप्टेंबर

बिंद्रो,

हे पत्र विहारातल्या भिक्षुणी, आनी छोदोन, लिहीत आहेत. कुंगा मनालीला गेलाय, तिकडे कुठल्या पाहुण्यांना दरी दाखवायला. जैसी तुझं पत्र माझ्या हातात देऊन गेला. मला नागरी येत नाही, आनींना येते. त्यांनी वाचलं. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, पुढे वाचू का? मी म्हटलं, वाचा.

मी काही मेंढा दे म्हटलेलं नाही.

कार्तू आजारी होता हेच मला माहीत नव्हतं. कुंगानं मला तुझं त्याआधीचं पत्र वाचून दाखवलं ते असं: गवत उत्तम, मेंढा लठ्ठ, कार्तूचा खोकला गेला. मी तेव्हा म्हटलं, दोन पानं भरून लिहिलंय आणि एवढंच? म्हणाला, मावशीचं अक्षर मोठं आहे. मग पळाचकला गेला तो मला सांगून गेला की पाहुण्यांना धबधबा दाखवायला नेतोय. भिजून आला, आठवडाभर शिंकत होता. मी त्याला मिरीचा काढा दिला आणि धबधब्याला शिव्या दिल्या.

म्हणजे घरातला मेंढा गेला, पोर मरता मरता वाचलं आणि मी इथे मोमो वळत बसले होते.

तुझ्यावर मी चिडलेय आणि ते लपवणार नाही. तू मला किती वर्षं ओळखतेस? तुझा मोठा मुलगा माझ्या हातावर जन्मला. मी मेंढा दे म्हणणारी बाई आहे का? माझं पत्र म्हणे, आणि त्यात एकही शिवी नसणार, मी ओळखते माझ्या पोराला. तुला मूर्ख म्हटलं नाही, टेकरूला काही बोलले नाही, निष्काळजी म्हटलं नाही? पोर आजारी पडलं आणि मी तुला बोलले नाही, हे तुला खरं वाटलं? एवढं साधं तुला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?

आनी म्हणताहेत, हे एवढं लिहू नका. मी म्हटलं, लिहा.

ल्हामो


बडा भंगाल, २९ सप्टेंबर

ल्हामो,

कळलं होतं.

पहिली ओळ वाचली तेव्हाच कळलं. अक्षर नेहमीचंच होतं, पण बोलणं तुझं नव्हतं. पोरगाच लिहितोय आणि तुला काही माहीत नाही, हे मी त्याच क्षणी ओळखलं. टेकरूनं विचारलं, काय म्हणते ल्हामो? मी म्हटलं, दे म्हणते.

तुला पुन्हा विचारायचं तर आणखी दहा दिवस गेले असते. तेवढं कारण मी स्वतःला दिलं. पण खरं सांगायचं तर वेळ असता तरी मी विचारलं नसतं. हातात 'हो' आलं होतं. ते मी घट्ट धरलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू म्हणशील, माफी मागतेस म्हणजे पुन्हा करणार नाहीस का? आणि मी पुन्हा करीन. कार्तू समोर उताणा पडून माशासारखं तोंड उघडतोय, असं असेल तर मी पुन्हा करीन. म्हणून मागत नाही.

आम्ही आठवड्याभरात निघतोय. खिंडीवर नवीन बर्फ पडायला लागलंय, कळप आधीच वरच्या पडावावर गेला. हे पत्र जैसी आमच्या पुढे घेऊन येतोय. हिवाळाभर तुझ्या शेजारी राहायचं आहे, त्यामुळे आधीच विचारून घेते. मी तुझ्या दारात येऊ की नको? पण ते ठरवायच्या आधी मला एका गोष्टीचं उत्तर दे. माझं पत्र त्यानं तुला जसंच्या तसं वाचून दाखवलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस? गोड बोलू नकोस. तुला ते जमतही नाही.

बिंद्रो


बीर, ८ ऑक्टोबर

बिंद्रो,

हेही आनींच्याच हातचं, जैसी तुला वाटेत देईल. कुंगा परत आलाय, पण हे त्याच्या हातून लिहायचं नाही.

तो आला त्या दिवशी त्याला आधी जेवायला वाढलं. खाऊन झालं आणि तो आपणहून माडीवर गेला, छत्री घडी करून पेटीत घातली आणि पेटीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, मेंढा खाली येणार नाही, अमा, अट अटच आहे. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. मी विचारलं, तुला कुणी हक्क दिला? तर म्हणतो, "तू तो माझ्यासाठी सोडवला होतास ना? मग तो माझा होता. मी दिला."

मी म्हटलं, औषधं पाठवली होतीस, मग मेंढा कशाला द्यायला सांगितलास? शिकलेला आहेस ना? म्हणाला, औषध वेळेत पोचेल की नाही ते माहीत नव्हतं. आणि पोचलं असतं, पोर वाचलं नसतं, तर मावशी जन्मभर म्हणत राहिली असती की मेंढा दिला असता तर. टेकरूनंही तेच म्हटलं असतं. मी त्यालाच उलट विचारलं, आणि तुझं उडणं? तो म्हणाला, पुढच्या वर्षीही रांग तिथेच असेल. त्याला रडू आलं नव्हतं, हसूही नव्हतं. भांडी घासायला लागला.

काल मी त्याला किल्ली परत दिली. आनंदानं नाही. मोठ्या लामांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. इतके महिने मी त्याच्यासाठी घाबरायचं काम एका जनावरावर सोपवलं होतं. दर पत्रात तुला विचारायचे, खातो का, लंगडतो का. तो लंगडत नाही कळलं की रात्री झोप लागायची. आता घाबरायचं तर सरळ त्याच्यासाठीच घाबरावं लागतं. तो म्हणतो, वारा बघून चार दिवसांनी निघेन. तोवर तुम्ही खिंडीत असाल. वर दिसला तर त्याला हात करू नका, त्याचं लक्ष जाईल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आनींना मी सांगितलंय की इथे एकही शब्द मऊ करायचा नाही.

मी नाही म्हटलं असतं. कार्तूला किती ताप आहे ते ऐकून रडले असते, विहारात दिवे लावले असते, होतं नव्हतं ते औषध पाठवलं असतं, स्वतः खिंड चढायला निघाले असते, आणि मेंढ्याला हात लावू नका म्हटलं असतं. तू तो खाटेशी बांधून ठेवला असतास. नंतर काय झालं असतं ते देवाला माहीत, पण मी नाहीच म्हटलं असतं. हे मी कित्येक दिवस उलटसुलट करून पाहिलं आणि दर वेळी तेच निघालं. मी स्वतःला दयाळू समजत होते. मुंगीपुरती आहे.

कुंगाला हे आधीपासून माहीत होतं. माझ्या पोटचा आहे, त्याला माहीत असणारच. म्हणूनच त्यानं मला पत्र वाचून दाखवलं नाही.

त्यामुळे दारात यायचं की नाही हे मला विचारू नकोस. कार्तूला घेऊन माझ्या चुलीशी बसायचं की नाही, हे आता तू ठरव. मी चहा करून ठेवीन.

ल्हामो